लाल काटा आणि धोंडीभाऊंच्या पंगती

धोंडीभाऊ, तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले आणि कारखाना अगदी तुमच्या शिस्तीत चालला आहे. सकाळी बर्फाचे दोन्ही कॉम्प्रेसर, उन्हं वर आली की त्यातला एक बंद, मग विहिरीचा पंप, दुपारी भाताची गिरणी, आणि दिवे लागायच्या आत गिरणी बंद. कोणी कोणाच्या पुढं घुसत नाही. खरं सांगू का, मला त्याचा रागच आला. एवढा माणूस गेला, निदान एक मोटर तरी अडून बसेल, असं वाटत होतं. एकही अडली नाही.

तुमचा जन्म कुठला, शाळा किती, ते मी इथं सांगत बसणार नाही. मी लिहायला बसलोय ते एकाच गोष्टीसाठी. दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात तुम्ही रजा न घेता, कोणाला न सांगता, गावच्या लग्नाची पंगत बसवायला कारखान्याचा विजेचा बोर्ड सोडून गेलात आणि तुमच्या मागं लाल काटा चढला, असं लोणावळ्यात आणि तिकोणा पेठेत सगळे समजतात. तसं झालं नव्हतं. रजा तुम्ही माझ्याकडून घेतली होती. काटा मी चढवला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं पुढं मी गोड आठवणी सांगत बसेन आणि हे राहून जाईल. तसं राहून जाऊ देणं मला फार छान जमतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मी पुण्याहून इथं मॅनेजर म्हणून आलो तेव्हा मला वाटत होतं की कॉलेजात दीड वर्ष काढल्यामुळे विजेतलं आपल्याला कळतं. मालक शेठ मुंबईला. त्यांचं पत्र आलं, विजेचा खर्च कमी करा. मी लगेच कमी करायला घेतला. तुसाच्या खोलीतले दिवे काढले, ऑफिसातला पंखा बंद केला, माणसं जेवायला बसत तिथला दिवासुद्धा उतरवला. लोक अंधारात भाकरी चाचपत होते आणि मी आपला खूश. महिन्याच्या शेवटी बिल आलं ते जवळजवळ होतं तेवढंच. तुम्ही तेव्हा बोर्डापाशी स्टुलावर बसून होतात.

"सायब, दिवं काढून काय व्हनार?"

"वीज वाचेल."

"वाचंल की. चिमूटभर. पर लाल काट्याचं काय?"

मग तुम्ही मला मीटरपुढं नेऊन उभं केलंत. काचेच्या आत दोन काटे. जेवढ्या मोटरी चालतील तेवढा काळा काटा वर चढतो आणि जाताना लाल काट्याला पुढं ढकलत नेतो. मोटरी बंद झाल्या की काळा मागं येतो. लाल मात्र जिथं ढकलला तिथंच राहतो, महिनाअखेर वीज कंपनीचा माणूस येऊन सील उघडून त्याला खाली आणीपर्यंत. जळली तेवढ्या विजेचे पैसे वेगळे, आणि लाल काटा कुठं उभा आहे त्याचे वेगळे. ते वेगळेच आम्हाला बुडवत होते. महिनाभर तुम्ही संतासारखे वागा आणि एका दुपारी अर्धा तास सगळ्या मोटरी एकदम ओढा, कंपनी तुम्हाला त्या अर्ध्या तासावरून ओळखणार.

मी म्हटलं, हा अन्याय आहे. तुम्ही हसलात.

"कसला अन्याव? तुमच्या घरी लगीन निगालं. तीनशे माणूस जेवनार. एका पंगतीला बसीवली तर पाट किती लागत्याल? वाढपी किती? आन् तीच तीन पंगतींत बसीवली तर? जेवान तेवढंच. पर मांडव ल्हान चालतो."

हे तुम्ही पुस्तकातून शिकला नव्हता. तिकोणा पेठेत आणि आसपासच्या वाड्यांत लग्न असो, बारसं असो, पंगत बसवायला धोंडिबाच लागायचा. कोणाला आधी बसवायचं, कोणाला पान-सुपारी देऊन थोपवायचं, कोणता म्हातारा थांबवला तर रुसेल आणि कोणता गप्पांत रमेल, हे तुम्हाला नजरेनं कळायचं. तेच तुम्ही मोटरींना लावलंत. त्यांनाही तुम्ही माणसांसारखंच मानायचात. मोठा कॉम्प्रेसर म्हणजे मामंजी, त्यांना आधी. विहिरीचा पंप म्हणजे घरचाच, तो कधीही जेवेल. गिरणी म्हणजे व्याही, थांबवायचं पण मान राखून.

दिवे मी दुसऱ्या दिवशी परत लावले. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा.

खरी परीक्षा वैशाखात. बंगल्यांत मुंबईची मंडळी उतरलेली, हॉटेलांना बर्फ हवा, स्टेशनला हवा. आणि नेमकं तेव्हाच मावळातला शेतकरी पावसाळ्याच्या बेगमीचं भात सडायला आणतो. बर्फाच्या कारखान्याला भाताची गिरणी का जोडली, असं मला पुण्यात लोक विचारायचे. अहो, त्या भाताच्या तुसातच तर बर्फाच्या लाद्या गुंडाळायच्या! एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नाही आणि दोघांना भूक एकाच वेळी लागते. तुम्ही पहाटेच मिठाच्या पाण्याची टाकी इतकी गार करून ठेवायचात की दुपारी एक कॉम्प्रेसर झोपला तरी डब्यांतलं पाणी गोठत राहायचं. तेवढ्या फटीत गिरणी.

तोवर बाहेर पोत्यांची रांग. भुशी गावची एक बाई, डोक्यावरून भात आणलेलं, एकदा तुमच्यावर चांगलीच उखडली होती.

"सकाळधरनं बसलोय आमी हितं. तुमच्या बर्फाला लय लाडावलंया!"

"मावशे, बर्फाला घाई हाय, भाताला न्हाई. तुजं भात काय वितळतंया व्हय?"

सगळी रांग हसली, तीसुद्धा. तुम्ही तिला लादीचा एक तुकडा फडक्यात बांधून दिलात. तो घरी पोचेपर्यंत राहणार नाही हे तिलाही माहीत होतं, पण गेली खुशीत.

खंडेनवमीला तुम्ही मीटरच्या काचेला हळदकुंकू लावलंत तेव्हा कंपनीचा इन्स्पेक्टर भडकला. काटा दिसत नाही म्हणाला. पूजा हत्यारांची करायची असते, मीटरची कसली, म्हणाला. तुम्ही फडक्यानं काच पुसता पुसता म्हणालात, "सायब, हत्यारच हाय की ह्ये. आमचं न्हाई, तुमचं." तो माणूस चहा न घेताच गेला. मी तुम्हाला रागावलो आणि ऑफिसात येऊन दार लावून हसलो. ते हसणंही तुम्हाला कधी सांगितलं नाही.

एक भांडण मात्र आपलं अर्धंच राहिलं. मी तुम्हाला विचारलं होतं, शेठचा खर्च वाचतो त्यात तुमचा एवढा जीव का? पगार तर तेवढाच आहे. तुम्ही म्हणालात, "शेठसाठी न्हाई, सायब. ही वीज ज्या पान्यावर चालती, त्या पान्याखाली माज्या मामाची खाचरं हायती."

मला तेव्हा शहाणपणा सुचला. मी तुम्हाला समजावलं की गिरणी सकाळी चालवा नाहीतर दुपारी, पाणी लागायचं तेवढंच लागतं. पंगती केल्यानं पाणी काही वाचत नाही. गणित तसंच आहे, अजूनही तसंच आहे. तुम्ही ऐकून घेतलंत.

"व्हय, पानी तेवढंच. पर सगळ्यांनी एकदम मागितलं म्हनूनच धरान एवढं मोटं बांधावं लागलं न्हवं? मुंबईच्या कापडगिरन्यांनी पंगती केल्या असत्या तर मांडव ल्हान चालला असता. मामाचं वरचं खाचर तरी ऱ्हायलं असतं."

मी म्हणालो, मोठी मोठी माणसं तुमच्यासारखं पंगतीला थांबत नसतात. तुम्ही म्हणालात, "थांबीवनारा लागतो." एवढ्यात कोणीतरी हाक मारली आणि तुम्ही उठलात. मी त्यावर अजून विचार करतो आहे. तुमचं म्हणणं शेवटपर्यंत नेलं तर कुठं जाईल हे मला कळत नाही, पण ते चूक आहे असंही म्हणवत नाही. धरणाच्या कामावर तरुणपणी दगड वाहिलेला माणूस ते बोलत होता, आणि मी त्याला गणित शिकवत होतो.

आता त्या दिवसाचं.

तुमच्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न. तुम्ही आठवडाभर आधी माझ्याकडे आलात. रजेचा अर्ज वगैरे आपल्याकडे कधी नव्हता, सगळं तोंडी. मी म्हटलं, जा, दोन दिवस मी बसतो बोर्डावर. मला हौसच होती. जाताना तुम्ही तीनदा बजावलंत, "दोन्ही कॉम्प्रेसर चालू असताना गिरनीला हात न्हाई लावायचा. कोन बी येऊ द्या." मी म्हटलं, भाऊ, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

दुसऱ्या दिवशी शेठ अचानक आले, बरोबर मुंबईचे दोन पाहुणे. भागीदार व्हायचं त्यांच्या मनात होतं. तेव्हा एक कॉम्प्रेसर झोपलेला, गिरणी थांबलेली, पंप गप्प. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "आज सुट्टी आहे का?" शेठ माझ्याकडे बघायला लागले. त्या क्षणी मला सांगता आलं असतं की साहेब, हा कारखाना असाच चालतो, यातच त्याचं शहाणपण आहे, या, तुम्हाला लाल काटा दाखवतो. तुम्ही असता तर एवढं बोलला असता आणि पाहुणेही खूश झाले असते. मी बोर्डापाशी गेलो आणि एकामागून एक सगळ्या कळा खाली ओढल्या. दोन्ही कॉम्प्रेसर, गिरणी, पंप, लाद्या उचलायची क्रेन. जमीन हादरायला लागली. पाहुणे म्हणाले, वा! मी त्यांना तासभर फिरवलं. आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि मला तो आवाज फार आवडत होता.

महिनाअखेर भरमसाट बिल आलं. शेठ पुन्हा आले, यावेळी एकटे. ते म्हणाले, मॅनेजरला बोर्डातलं काय कळणार, ते मी धरतच नाही. पण बोर्डवाला कुठं होता?

मी म्हणालो, "न सांगता गेला."

तीन शब्द, भाऊ. घाबरलो होतो म्हणा, बायकोचं बाळंतपण जवळ आलेलं म्हणा, नवी नोकरी म्हणा, सगळं खरं आहे आणि त्यानं काही बदलत नाही. तुम्हाला काढून टाकू नका, असं मीच शेठना विनवलं आणि मनातल्या मनात त्याचं पुण्यही जमा करून घेतलं. शेठनी तुम्हाला बोर्डावरून उठवून तुसाच्या खोलीत टाकलं. लाद्या तुसात भरायच्या, फावड्यानं तूस ओढायचं.

तुम्ही एकदाच विचारलंत. फावडं हातात होतं, भुवयांवर तूस बसलेलं.

"सायब, रजा तुमीच दिलीती. ठावं हाय न्हवं?"

"आहे, भाऊ. शेठना लिहितो मी."

"लिवा. सवडीनं लिवा."

सवडीनं! दोन वर्षांत मला सवड झाली नाही. दर महिन्याला शेठना पत्र जायचं, त्यात बर्फ असायचा, भात असायचं, पाऊस असायचा. तुमची ओळ उद्यावर. माझा उद्या कसला होता हे तुम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं असणार, तरी तुम्ही पुन्हा तोंड उघडलं नाहीत. मला त्याचाही राग यायचा. तुम्ही भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि वर काय केलंत? तुसाच्या खोलीत फावडं मारता मारता भिंतीपलीकडच्या मोटरींचा आवाज ऐकायचात. नव्या बोर्डवाल्याची चूक झाली की तिथूनच ओरडायचात, "अरं, मामंजी जेवत्यात अजून, व्याह्यांना कशापायी बसीवलंस?" तो धावत जाऊन गिरणी बंद करायचा. तुम्ही त्याला सगळ्या पंगती शिकवल्यात, जागा तुमची घेतलेल्या माणसाला. दोन वर्षं लाल काटा पुन्हा चढला नाही. शेठनी मला शाबासकी दिली, ती मी घेतली.

गावात काय झालं ते मला उशिरा कळलं. धोंडिबा मिरवायच्या हौसेपायी बोर्ड सोडून आला आणि मालकाला खड्ड्यात घातलं, असं लोक बोलू लागले. तुमचा भाऊही म्हणाला, माझ्या पोरीच्या लग्नाला डाग लावलास. त्या लग्नानंतर तुम्ही एकाही पंगतीला उभे राहिला नाहीत. बोलावणं यायचं थांबलं की तुम्हीच जायचं सोडलंत, हे मला कोणी नीट सांगितलं नाही. मी विचारायला गेलो असतो तर सांगितलं असतं.

तुसानं तुमचा जीव घेतला असं मी म्हणत नाही, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण तुमचा खोकला त्या खोलीत सुरू झाला हे मी कानांनी ऐकलं आहे. शेवटी शेवटी तुम्ही गावी गेलात. मी भेटायला येणार होतो. सवडीनं.

तुम्ही गेल्याचा निरोप आला त्या दिवशी मी शेठना पत्र लिहिलं. अर्धं पानसुद्धा झालं नाही. दोन वर्षं जे होत नव्हतं ते एवढंसं होतं. उत्तर अजून आलेलं नाही, आणि नोकरी राहील की जाईल हे मला ठाऊक नाही. माझी भीती मात्र गेली आहे. ती तुम्ही असताना गेली असती तर उपयोग होता.

तेराव्याला मी तिकोणा पेठेला आलो. कामशेतला उतरलो, पुढं बैलगाडी. तुमच्या अंगणात पानं मांडली होती आणि पंगत बसवताना नुसता गोंधळ. दोघं-तिघं एकमेकांवर ओरडत होते, वाढपी एकाच टोकाला गेलेले, म्हातारी माणसं उभी आणि पोरं बसलेली. कोणीतरी पुटपुटलं, "आज धोंडीभाऊ पायजे व्हता." तेवढं ऐकलं आणि मी उभा राहिलो. जेवण झाल्यावर बोलायचं ठरवून आलो होतो, पण जेवल्यावर मी बोललो नसतो, माझी मला खात्री आहे.

मी सगळं सांगितलं. रजा, कळा, पाहुणे, ते तीन शब्द. माझ्या पुस्तकी भाषेत काय कळलं कोणाला, म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं. तुमचा भाऊ हातातलं पातेलं खाली ठेवून तिथंच बसला. "दोन वर्सं त्याच्या दारात पाऊल न्हाई टाकलं म्या," एवढंच म्हणाला. तुमची बायको आत गेली ती बाहेर आली नाही. शिव्या घाला, मारा, असं काहीतरी मी बडबडलो. कोणी काही केलं नाही.

तुमच्या आई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं, तुम्हीच सांगायचात. पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"तू मॅनेजर न्हवं?"

"हो, आई."

"रजा तू दिलीती."

"हो."

"मंग त्येची कायबी चूक न्हवती."

"काहीच नव्हती, आई."

त्यांनी मान हलवली. क्षणभर मला वाटलं, सुटलो. मग त्या म्हणाल्या, "मंग आता त्येला परत बोर्डावर घेनार का?"

कोणीतरी पुढं होऊन म्हणालं, आजी, असं काय बोलता. त्यांनी त्याचा हात बाजूला केला. त्यांना भ्रम झाला नव्हता, धोंडीभाऊ. आपला मुलगा गेला आहे हे त्या अंगणात त्यांच्याइतकं कोणालाच कळलेलं नव्हतं. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या, आणि मी काय सांगतो त्याची वाट बघत होत्या.